देवस्थळींचा गुरुवार

देवस्थळी काका माझ्यादेखत एकदा खोटं बोलले. त्यांना ओळखणाऱ्या कुणाला हे सांगितलं, तर तो आधी मला वेड्यात काढील आणि मग विचारील, ‘कोणते देवस्थळी? पासिर रिसचे? शक्यच नाही.’ ऐकीव गोष्ट असती तर मीही विश्वास ठेवला नसता. पण मी तिथे होते. पलंगाच्या पायथ्याशी, हातात काकूंच्या चपला घेऊन उभी होते.

मी सिंगापूरला आले ती एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक म्हणून, पीएचडीनंतरचं संशोधन करायला. माझी लॅब वन-नॉर्थला, म्हणजे पश्चिमेकडे, आणि मला परवडणारी खोली मिळाली ती पार पूर्वेला, पासिर रिसला, जिथे एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, लाइन संपते. ‘एका मुलीसाठी खोली. स्वयंपाकाची परवानगी. घरात दोन ज्येष्ठ नागरिक, पैकी एक त्रासदायक,’ अशी जाहिरात कुणीतरी मला पुढे पाठवली होती. ही जाहिरात काकूंनी सांगितली होती आणि काकांनी जशीच्या तशी टाइप केली होती. त्रासदायक कोण, हे दार उघडताच कळलं.

घरातसुद्धा शर्ट खोचलेला, खिशाला एक लाल आणि एक हिरवं पेन, आणि हातात नियमांचा कागद. कागदाच्या तळाशी दोन चौकोन. एकात लिहिलेलं ‘मेकर’, दुसऱ्यात ‘चेकर’. मी गोंधळून पाहिलं, तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, “कर गं सही. माझ्याकडूनसुद्धा घेतलीय त्यांनी.”

काका चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत चेकर होते. तिथे एकजण व्यवहाराची नोंद करतो, तो मेकर. दुसरा ती तपासून पास करतो, तो चेकर. चेकरनं पास केल्याशिवाय काही पुढे सरकत नाही, आणि मेकर आणि चेकर हा कधीही एकच माणूस असता कामा नये. हे मला पहिल्या दहा मिनिटांत समजावण्यात आलं आणि पुढच्या तीन वर्षांत निदान शंभरदा पुन्हा सांगण्यात आलं. काकांनी सगळी नोकरी चेकर म्हणून केली. दुसऱ्यानं केलेलं तपासायचं, चूक दिसली की लाल, नसली की हिरवं. निवृत्त झाल्यावर बँकेचं कार्ड परत केलं, पण पेनं राहिली.

घरात सगळ्याला डबल चेक. इडलीच्या पिठाच्या डब्यावर चिठ्ठी: भिजवलं कधी, तपासलं कधी. मी बाहेरून येऊन सहज म्हणावं, ‘आज पाऊस पडणार म्हणतात,’ की प्रश्न यायचा, ‘कोण म्हणतं?’ स्वतः बोलताना मात्र पुरावा आधी द्यायचे. ‘मेथी ताजी आहे. मार्केटमध्ये मागल्या दारानं तिसरा स्टॉल, सकाळी सव्वासात.’ पेपरातली बातमी सांगायची तर ‘पान चार, उजवा कॉलम, खालून दुसरा परिच्छेद.’ जे स्वतः पाहिलं नाही, त्यापुढे ‘माहीत नाही’ हे दोन शब्द इतक्या निर्विकारपणे ठेवायचे, की समोरच्यालाच आपण काहीतरी चोरलं असल्यासारखं वाटावं. रस्ता मोकळा असला तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत हे आपले उभे, आणि त्यांच्या शेजारी पिशवी घेऊन मी. शाळकरी पोरं आमच्याकडे वळून वळून बघत पलीकडे जायची.

इंदूकाकूंचं बरोबर उलट. हसत्या, बोलक्या, अंदाजपंचे चालणाऱ्या. फोडणी अंदाजे, मीठ अंदाजे, माणसाची पारख अंदाजे, आणि अंदाज सहसा चुकत नसे. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली. उजेड कळायचा, माणूस हलला तर सावली कळायची. काकांनी मसाल्यांच्या बाटल्यांना रबरबँड लावून दिले होते. एक रबर हळद, दोन रबर तिखट, तीन रबर गोडा मसाला. रोज सकाळी चहाआधी ते रबर मोजायचे. काकू म्हणायच्या, “वासानं कळतं हो मला!” काका म्हणायचे, “वास हा पुरावा नाही.” आणि मोजायचे.

आता अशा माणसाला एखादा छंद असेल, तर तो टपाल तिकिटांचा असावा अशी आपली समजूत. काकांचा छंद होता, अमेरिकन टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली एक मालिका.

मालिकेचं नाव मी लिहीत नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते खर्च करणाऱ्या कंपनीच्या साबणाचं नाव होतं, आणि काकू तिला सरळ ‘गुरुवारचं नाटक’ म्हणायच्या. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं नवं नाटक, नवी माणसं, नवी गोष्ट. मागच्या आठवड्याचा खुनी या आठवड्यात पाद्री. एकच वर्ष चालली आणि बंद पडली. सगळं थेट, म्हणजे नट स्टुडिओत बोलताहेत आणि त्याच क्षणी लोक घरात बघताहेत. टेपवर जपायची सोय नव्हती. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून जे काही टिपलं गेलं, त्यातली सतरा नाटकं कुणा भल्या माणसानं इंटरनेटवर टाकली होती. निवृत्तीनंतर दुसरंच काहीतरी शोधताना काकांना ती सापडली. चित्र असं, की सगळे नट वरणात बुडून उभे आहेत असं वाटावं.

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता काका लॅपटॉप टीव्हीला जोडायचे. मूळ कार्यक्रम गुरुवारी रात्री असायचा, म्हणून गुरुवार. पण अमेरिकेतली गुरुवार रात्र म्हणजे आपली शुक्रवार सकाळ, हे लक्षात आल्यावर ते महिनाभर बेचैन होते म्हणे. शेवटी काकूंनी निकाल दिला, “शुक्रवारी सकाळी मला भाजी निवडायची असते.” मग स्थानिक वेळेनुसार गुरुवार ठरला, आणि तशी नोंद काकांच्या वहीत झाली.

काकू सोफ्यावर. काका टीव्हीच्या शेजारी, लाकडी खुर्चीवर, ताठ. नाटक सुरू झालं की हे मराठीत सांगायला लागायचे. संवाद, हालचाली, कपडे, सगळं. मध्ये थांबवायचं नाही. “थेट म्हणजे थेट,” ते म्हणायचे. “त्यांना थांबता येत होतं का?” एखादा शब्द अडला तर अडला. काका नाटकी आवाज काढायचे नाहीत. पोलीस, विधवा, दारुडा, सगळे एकाच सुरात, पीठ दळून आणायला सांगितल्यासारखे बोलायचे. आणि तरी मी पहिल्या गुरुवारी चेष्टा करायला म्हणून बसले, ती भात करपेपर्यंत उठले नाही.

मध्ये साबणाची जाहिरात यायची. तीही थेट. एक बाई हसत हसत ताटल्या धुवायची, आणि काका तेही सांगायचे. “बाई म्हणतेय, आता माझे हात बघा.”

“अहो, जाहिरात नको.”

“कार्यक्रमाचा भाग आहे, इंदू.”

पण काकांचा जीव होता तो चुकांवर. थेट नाटक, म्हणजे चुका आल्याच. दार जोरात लावलं की दगडी म्हणून रंगवलेली भिंत थरथरायची. वरून माइक डोकावायचा. मेलेला माणूस पडद्याच्या कडेनं हळूच सरपटत बाहेर जायचा, कारण त्याला पुढच्या प्रवेशासाठी कपडे बदलायचे असायचे. अशा वेळी काकांचा सपाट आवाज एकदम वर चढायचा. “भिंत हलली! इंदू, भिंत हलली!” एका नाटकात एक म्हातारा नट वाक्य विसरतो. किती वेळ तो नुसता टेबलावरचा कप फिरवत राहतो. मग समोरची नटी त्याचंच वाक्य प्रश्न करून त्याला विचारते आणि गाडी पुढे जाते. तिथे काकांनी चष्मा काढून पुसला होता.

मी एकदा विचारलं, “काका, जन्मभर चुकांवर लाल पेन चालवलंत. मग इथे कसलं कौतुक?”

त्यांनी आधी खिशातली पेनं सारखी केली. मग म्हणाले, “कागदावर चूक करायला वेळ असतो. न करायलाही वेळ असतो. तरी केली तर ती आळस. यांना वेळच नव्हता गं. सगळ्यांसमोर उभे होते बिचारे.”

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं होतं. त्यात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी स्टेजवर अडखळली, गप्प झाली आणि मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आय फरगॉट लाह!” लोक हसले. आई कपाळाला हात लावून बसली. कार्यक्रम संपल्यावर काका गर्दीतून वाट काढत त्या मुलीपाशी गेले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “विसरल्यावर तू स्टेज सोडून पळाली नाहीस. मी पाहिलं. पाचवी रांग, डावीकडून दुसरी खुर्ची.” मुलगी घाबरून म्हणाली, “थँक्यू, अंकल.” त्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेतल्या अकरा चुकांची यादीही त्यांनी चिटणिसांच्या हातात दिली, हेही सांगायला हवं.

या घरात एक तिसरी खोली होती, माझी. माझ्याआधी ती निखिलची होती.

निखिल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्याबद्दल काका कधीच बोलले नाहीत. काकूंनी सांगितलं, तेही मटार सोलता सोलता. पहिल्या नोकरीच्या अर्जात निखिलनं लिहिलं होतं की सहा महिने अमुक ठिकाणी काम शिकलो. खरे चार होते. नोकरी मिळाली, पत्र आलं, पेढे आणले. काकांनी कौतुकानं अर्जाची प्रत वाचायला घेतली आणि हातात लाल पेन आलं.

“म्हणाले, फोन कर आणि दुरुस्ती सांग. तो म्हणाला, बाबा, एव्हरीवन राउंड्स अप लाह. हे म्हणाले, तू कर नाहीतर मी करतो.” काकूंनी एक शेंग फोडली. “त्यानं केला. नोकरी गेली. मग तो कॅनडाला गेला. आठ वर्षं झाली. रविवारी फोन करतो, माझ्याशी बोलतो. हे तेवढ्या वेळात खाली चालायला जातात.”

“आणि काकांना काही वाटत नाही?”

“वाटत नसतं, तर खाली गेले असते का?” काकू म्हणाल्या.

सतरा नाटकांतलं एक काकूंच्या फार आवडीचं. का आवडीचं, ते आता वेगळं सांगायला नको. रेल्वेच्या फाट्याजवळ राहणारं एक म्हातारं जोडपं. मुलगा बापाशी भांडून शहरात गेलेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही. बायकोला वाचता येत नाही. पत्र आलं की नवरा वाचून दाखवतो, बिलं, नातेवाइकांची खुशाली वगैरे. अर्धा तास ती दोघं कुणाची तरी वाट बघत असतात आणि एकमेकांना तसं म्हणत नाहीत. शेवटी पोस्टमन येतो. मुलाचं अक्षर. नवरा पाकीट फोडतो, मनात वाचतो. बायको म्हणते, काय लिहिलंय? कॅमेरा नवऱ्याच्या चेहऱ्याजवळ जातो. तो मान वर करतो, तोंड उघडतो.

आणि पडदा काळा. लगेच साबण.

“काय होतं पत्रात?” काकू विचारायच्या.

“माहीत नाही. फिल्म तुटलीय.”

“तोंड उघडलं ना त्यानं? चेहरा कसा होता?”

“चित्र अंधुक आहे.”

“अहो, काहीतरी अंदाजानं सांगा की. येतोय का मुलगा?”

“मी जे पाहिलं नाही ते कसं सांगू, इंदू?”

हे नाटक चार-पाच महिन्यांनी एकदा फिरून यायचं, आणि दर वेळी हाच संवाद. मला काकांचा संताप यायचा. एक वाक्य! आंधळ्या बाईला एक वाक्य सांगायला काय जातं? मी एकदा स्वयंपाकघरातून ओरडलेसुद्धा, “येतोय, काकू! शनिवारी येतोय!” काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तू सांगून काय उपयोग?”

मग काकूंच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी धोके समजावून सांगितले, काकांनी ते सगळे लिहून घेतले आणि पुन्हा वाचून दाखवले. घरी आल्यावर काकू सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, “तेवढं पत्रात काय होतं ते कळायला हवं होतं.” चेष्टेनं म्हणाल्या की काय, मला कळलं नाही. काका मात्र त्याच संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं.

“तुझ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून दुसऱ्या देशातले कागद मागवता येतात का?”

येत होते. नाटकाच्या लेखकाची कागदपत्रं अमेरिकेतल्या एका ग्रंथालयात आहेत, इतकं काकांनी शोधून ठेवलं होतं. विनंती मी टाइप केली, त्यांनी तपासली, दोन स्वल्पविराम बदलले. मग आठवड्यामागून आठवडे काही नाही. काका रोज विचारायचे नाहीत, पण मी लॅबमधून आले की चप्पल काढेपर्यंत दारात उभे असायचे.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. सोबत शेवटच्या दोन पानांचे फोटो. मी लॅपटॉप काकांपुढे ठेवला. काकू आत झोपल्या होत्या.

ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं की फिल्म तुटलेली नाही. त्या रात्री नाटक लांबलं, मधे कुणीतरी जास्त वेळ घेतला असावा, आणि घड्याळात अर्धा तास पूर्ण होताच ते तिथेच बंद करून जाहिरात लावावी लागली. शेवटचं पान सादर झालंच नाही. तसा शेरा त्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला होता.

“म्हणजे प्रिंट पूर्ण आहे,” काका पुटपुटले. “मी उगीच तुटलीय म्हणत होतो. चूक माझी.” मग त्यांनी पान वाचलं. एकदा, दोनदा. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तू तपास.”

मी वाचलं. पत्रात दोन ओळी होत्या. मी येणार नाही. मला पुन्हा लिहू नका. त्याखाली नटासाठी सूचना: नवरा कागदावरून नजर न काढता बायकोला सांगतो, येतोय, बर्फ पडायला लागायच्या आत येतोय. बायको म्हणते, पुन्हा वाच. नवरा तेच खोटं वाक्य पुन्हा वाचतो. दिवे मंद.

“बरोबर आहे?” काकांनी विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते उठले आणि गॅलरीत बांबूवर वाळत घातलेले, आधीच वाळलेले कपडे चाचपत राहिले. काकूंना ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डमध्ये आम्ही तिघंच. काकूंना हॉस्पिटलचा झगा घातलेला. मी त्यांच्या चपला पिशवीत ठेवायला उचलल्या होत्या. काका खुर्चीवर, ताठ, गुरुवारी बसायचे तसेच. वार बुधवार होता.

“अमेरिकेचं काय झालं?” काकूंनी विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. ‘आलं नाही’ म्हणणं किती सोपं होतं.

“आलं,” काका म्हणाले.

“कधी?”

“परवा.”

“आणि मला सांगितलं नाहीत?” काकूंनी हात पुढे केला. काकांनी तो धरला, म्हणजे मनगट धरलं, नाडी बघतात तसं. “काय होतं हो पत्रात?”

मला वाटलं, हा माणूस आता सांगणार. पान अमुक, ओळ तमुक, मी येणार नाही, मला पुन्हा लिहू नका. ज्यानं पोटच्या पोराच्या दोन महिन्यांसाठी फोन करायला लावला, तो इथे तरी कशाला बदलेल? काकांचा दुसरा हात खिशातल्या पेनांपाशी गेला आणि तिथेच राहिला.

“येतोय,” ते म्हणाले. “येतोय म्हणून लिहिलंय. बर्फ पडायला लागायच्या आत.”

“नक्की?”

“तपासलंय.”

काकूंनी मान वळवली. त्यांचे डोळे काकांच्या आवाजाच्या थोडे डावीकडे, नेहमी असायचे तसे.

“पुन्हा सांगा,” त्या म्हणाल्या.

नाटकातल्या बायकोचंच वाक्य. त्या पानावर काय होतं, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

“येतोय,” काका पुन्हा म्हणाले. त्याच सुरात, तेच वाक्य. “बर्फ पडायला लागायच्या आत येतोय.”

पडदा सरकवून नर्स आत आली. “अंकल, टाइम ऑलरेडी आ. वी ब्रिंग आंटी इन.” पलंगाची चाकं सुटली. काका दारापर्यंत बरोबर चालत गेले, मग पिवळ्या रेषेपाशी थांबले, कारण तिथे थांबा असं लिहिलं होतं. दिवसभर आम्ही खालच्या फूड कोर्टमध्ये बसलो. मी आणलेली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, त्यांनी तशीच गार होऊ दिली. दुपारी कधीतरी, समोरच्या टेबलाकडे बघत, ते म्हणाले, “मी चुकीची नोंद पास केली.”

“काका, तुम्ही बरोबर केलंत.”

“दोन्ही होऊ शकतं,” ते म्हणाले.

काकू बऱ्या झाल्या. घरी आल्या, पंधरा दिवसांत फोडणीला उभ्या राहिल्या आणि मिठाचा अंदाज पहिल्यांदाच चुकला म्हणून स्वतःवर चिडल्या. उरलीसुरली नजरही त्यानंतरच्या महिन्यांत गेली. आता उजेडही कळेनासा झाला. एका सकाळी काका मार्केटला गेलेले असताना मी त्यांना औषध देत होते, तर म्हणाल्या, “खोटं होतं ना ते?”

“कोणतं, काकू?”

“पत्र गं. येतोय म्हणाले ते.”

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“पान नंबर सांगितला नाही त्यांनी. चाळीस वर्षांत मेथीची जुडीसुद्धा पत्त्याशिवाय घरात आली नाही. म्हणून तर पुन्हा सांगायला लावलं. म्हटलं, आता तरी सांगतील, पान इतकं, ओळ इतकी. नाही सांगितला.” त्या हसायला लागल्या, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायच्याही भानगडीत पडल्या नाहीत. “माझ्यासाठी खोटं बोलले गं. आत गेले ना मी, अजिबात भीती वाटली नाही.”

“खरं काय होतं ते...”

“ते मला सांगू नकोस,” काकू म्हणाल्या. “आणि मला कळलंय, हे त्यांना सांगू नकोस.”

मी कुणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी निखिलचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. काका उठले, चपला घातल्या, लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले. आत येऊन आपल्या लाकडी खुर्चीवर बसले. काकूंनी फोन कानावरून काढून स्पीकरवर टाकला आणि मांडीवर ठेवला. निखिल तिकडे थंडीबद्दल बोलत होता, गाडी सुरू होत नाही म्हणत होता. काका ऐकत होते. तेव्हापासून रविवारी ते खाली जात नाहीत.

मग माझं काम संपलं. पुण्याला परतायचं ठरलं. शेवटचे दोन महिने मी लॅबजवळ एका मैत्रिणीकडे राहत होते. निघायच्या आधीच्या गुरुवारी, निरोप घ्यायला म्हणून पासिर रिसला गेले. बरोबर फुलवाल्याकडून आणलेला मोगऱ्याचा गजरा होता, काकूंना वास येतो म्हणून. सात वाजून गेले होते. कॉरिडॉरमध्ये पोचले तर काकांचा आवाज येत होता, तोच सपाट, एकसुरी. त्यांच्या घराच्या खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या होत्या. मी बेल वाजवणार होते, पण हात थांबला.

काका टीव्हीच्या शेजारी, ताठ. काकू सोफ्यावर, पाय वर घेऊन.

“गाडी थांबली. माणसं उतरताहेत. मुलगा शेवटच्या डब्यातून उतरला. अंगात करडा कोट.”

“मागच्या गुरुवारी निळा होता,” काकू म्हणाल्या.

काका थांबले. थेट म्हणजे थेट म्हणणारा माणूस, चक्क थांबला. मी आणखी थोडं वाकून पाहिलं, आणि तेव्हा मला दिसलं की टीव्ही बंद आहे. लॅपटॉप टेबलावर मिटलेला. काका काळ्या पडद्याकडे बघून सांगत होते.

“निळाच,” ते म्हणाले. “चूक झाली.”

“राहू द्या. बाप कुठाय?”

“बाप फाट्यापाशी उभा आहे.”

“पुढे येत नाहीये?”

काका पडद्याकडे बघत राहिले. काकू वाट बघत होत्या. बाहेर लिफ्टचा दरवाजा उघडला आणि बंद झाला.

“येतोय,” काका म्हणाले.

“बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “पुढे सांगा.”

मी गजरा दाराच्या कडीला अडकवला आणि बेल न वाजवता खाली आले.